हेमाद्री, हेमाडिपंडित की हेमाडपंत?
(मंदिराच्या शिळेवरील एका नावाचा विचार)

श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होत आला, सभामंडपाची फरशी बसली, कळसाचे काम तेवढे राहिले, आणि मग दर्शनी भिंतीत बसवावयाच्या शिळेचा प्रश्न निघाला. देणगीदारांची नावे कोणत्या क्रमाने घ्यावयाची हा वाद गावोगावी होतो, तसा तो येथेही झाला आणि सामोपचाराने मिटला. न मिटलेला मुद्दा वेगळाच होता. शिळेच्या पहिल्या ओळीत मंदिराचा पूर्वेतिहास एका वाक्यात द्यावा असे ठरले होते. पहिल्या मसुद्यात ते वाक्य असे होते : 'हे प्राचीन मंदिर हेमाडपंताने बांधले.' त्यावर कोणी म्हणाले, हेमाडपंत हे बोलण्यातले नाव झाले, दगडावर 'हेमाद्री' असे शुद्ध नाव पाहिजे. दुसऱ्यांचे म्हणणे पडले की नुसते नाव कसे घ्यावयाचे, मागे 'यादवांचे पंतप्रधान' असा हुद्दा लावावा. वृद्ध मंडळींना यातले काहीच रुचले नाही. वाडवडिलांनी हेमाडपंत सांगितला, तोच राहू द्या, असे त्यांनी निक्षून सांगितले.

वरवर पाहता हा नावाचा किरकोळ वाद वाटेल. पण कागदावर छापलेली चूक दुसऱ्या छपाईत सुधारता येते. दगडावर टाकीने घातलेली ओळ दोन-चारशे वर्षे टिकते. आज आपण जुन्या शिलालेखांतून इतिहास वाचतो. उद्या आपलीच शिळा कोणी पुरावा म्हणून वाचील. म्हणून या पुरुषाला नेमके काय म्हणावे, त्याच्या हयातीत त्याला काय म्हणत असत, आणि या मंदिराशी त्याचा संबंध किती, हे पाहून मगच टाकी लावणे योग्य.

देवगिरीच्या यादवांच्या राज्यात महादेवराय (इ. स. १२६१ ते १२७१) आणि त्याच्यामागून रामचंद्रराय (१२७१ ते १३११) यांच्या दरबारात हा पुरुष मोठ्या अधिकारावर होता. वत्सगोत्री ब्राह्मण, वडिलांचे नाव कामदेव, आजोबांचे वासुदेव, पणजोबांचे वामन. राज्यकारभार पाहून त्याने लेखनही अफाट केले. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा धर्मशास्त्रावरील ग्रंथ इतका मोठा आहे की त्याची व्रतखंड, दानखंड अशी खंडेच स्वतंत्र ग्रंथांएवढी आहेत. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर त्याची 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका असून वैद्यमंडळींत तिला आजही मान आहे. 'मुग्धबोध' व्याकरण लिहिणारा बोपदेव हा त्याच्याच आश्रयाचा पंडित; त्याच्या 'मुक्ताफल' ग्रंथावर 'कैवल्यदीपिका' ही टीकाही याच्याच नावावर आहे. एवढ्या कामाचा मनुष्य गावोगावच्या बोलण्यात मात्र राहिला तो देवळे बांधणारा म्हणून, लंकेहून मोडी लिपी आणि बाजरी आणणारा म्हणून!

आता त्याचे नाव. स्वतःच्या ग्रंथांत तो 'हेमाद्रि' आहे. संस्कृतात हेमाद्रि म्हणजे सोन्याचा पर्वत, मेरू. पुरोहितवर्गाने हेच रूप आजवर जपले आहे. श्रावणीच्या वेळी जो लांबलचक संकल्प सांगतात, त्याला 'हेमाद्रि संकल्प' म्हणतात. तेथे कोणी हेमाडपंती संकल्प म्हणत नाही. म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, देवळात पाटावर बसलेले गुरुजी त्याला हेमाद्रि म्हणतात आणि देवळाबाहेर पारावर बसलेली मंडळी त्याला हेमाडपंत म्हणतात, आणि दोघांनाही आपण एकाच माणसाविषयी बोलतो आहोत याची आठवण नसते.

परंतु हेमाद्रि हे ग्रंथातले रूप झाले. त्याच्या काळी मराठीत त्याला काय म्हणत, याला पंढरपूरची साक्ष आहे. श्रीविठ्ठलाच्या मंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख वारकरी मंडळींना परिचित आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठींनी तो लेख झिजून गेला. पाठ लावणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की तो लेख म्हणजे मूळची देणगीदारांची यादी आहे! शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या अवधीत विठ्ठलदेवाच्या फुलांसाठी व इतर उपचारांसाठी भक्तांनी जो पैका दिला, त्याचा तो तपशील. कोणी किती गद्याण दिले, कोणी किती दाम, हे त्यात ओळीओळीने आले आहे. दाते लहान आहेत, मोठे आहेत. खुद्द रामचंद्ररायाचा उल्लेख त्यात असून पंढरीच्या भक्तमेळ्याचा प्रमुख या अर्थाचे बिरुद त्याला लावलेले आहे. आणि याच लेखात आपला हा अधिकारी 'हेमाडिपंडित' या नावाने येतो.

प्राचीन मराठी कोरीव लेखांचा संग्रह डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून असे लेख सामान्य वाचकाच्या हाती आले. त्यांतील मराठी आजच्या वाचकाला अडखळत वाचावी लागते. पण नावे ओळखता येतात. 'हेमाद्रि'तला 'द्रि' मराठी उच्चारात 'डि' झाला आणि पुढे 'पंडित' ही पदवी लागली. हे नाव नंतरच्या कोणा कथाकाराने दिलेले नाही. हा मनुष्य हयात आणि अधिकारावर असताना, ज्या देवळाला लोक पैका देत होते त्याच देवळाच्या दगडावर ते कोरलेले आहे. साक्षीचे वजन करावयाचे झाल्यास यापेक्षा जड साक्ष मिळणे कठीण.

मग 'हेमाडपंत' कोठून आला? 'पंत' हा 'पंडित' या शब्दाचाच झिजलेला प्रकार होय. यादवकाळी 'पंडित' म्हणत. पुढे कारभारी आणि लेखनवृत्तीच्या ब्राह्मणांच्या नावामागे 'पंत' रूढ झाले. मोरोपंत, दादाजीपंत अशी नावे कानांना सवयीची झाली, आणि त्याच घाटात 'हेमाडिपंडिता'चा 'हेमाडपंत' होऊन बसला. म्हणजे या नावात खोटे काही नाही. फक्त ते नंतरच्या शतकांचा अंगरखा घालून आलेले आहे. केशव आप्पा पाध्ये यांनी या पुरुषाचे मराठीत चरित्र लिहिले, तेव्हा त्यांनाही ग्रंथाच्या नावातच 'हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत' अशी दुहेरी योजना करावी लागली. 'ऊर्फ' शब्दाने विद्वान आणि सामान्य वाचक दोघांचीही सोय झाली.

येथे आणखी एका घोटाळ्याची नोंद केली पाहिजे, कारण देणगीदारांपैकी अनेक कुटुंबे शिर्डीला जाणारी आहेत. 'श्रीसाईसच्चरित' या पोथीच्या कर्त्याचे नाव भक्तमंडळी 'हेमाडपंत' असेच घेतात. ते हेमाडपंत म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर; श्रीसाईबाबांनी त्यांना यादवांच्या त्या मंत्र्याचे नाव कौतुकाने दिले. ते विसाव्या शतकातील गृहस्थ. देवगिरीच्या हेमाडपंतांपासून त्यांना साडेसहाशे वर्षांचे अंतर आहे. शिळेवर नुसते 'हेमाडपंत' कोरले तर पोथी वाचणाऱ्या एखाद्या भाविकाचा गैरसमज होणे अगदी शक्य आहे.

नावाचा विचार असा होतो. हुद्द्याचा प्रश्न याहून नाजूक आहे.

'पंतप्रधान' हा शब्द सुचविणाऱ्यांचा हेतू गौरवाचा होता, परंतु तो शब्द तेथे शोभत नाही. इ. स. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा राज्यातील फारसी हुद्दे बदलून त्यांना संस्कृत नावे दिली गेली. पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबिराला सुमंत म्हणू लागले. हेमाद्रीच्या काळापासून ही घटना चारशे वर्षे दूर. शिवाय स्वातंत्र्यानंतर 'पंतप्रधान' म्हणजे दिल्लीचा पंतप्रधान, असा अर्थ लहान मुलेही जाणतात. तेराव्या शतकातील माणसाला तो शब्द लावणे म्हणजे विठोबाच्या मूर्तीला कोट घालण्यापैकी होय. 'सरदार', 'दिवाण' हे शब्द तर फारसी-अरबी वळणाचे. देवगिरीवर अल्लाउद्दिनाची स्वारी झाली ती १२९६ मध्ये, त्यापूर्वीच्या यादव दरबारात या शब्दांचे कामच काय?

त्याच्या काळी त्याचे पद होते 'श्रीकरणाधिप'. कोठे 'श्रीकरणप्रभु' असेही येते. 'करण' म्हणजे राजाची लेखनकचेरी. राजाज्ञा लिहिणे, त्यावर राजमुद्रा करून त्या रवाना करणे, जमाखर्च आणि दानपत्रांची नोंद ठेवणे, हा सारा व्यवहार करणात चालत असे. त्याचा अधिपती तो करणाधिप. आज हा शब्द परका वाटतो. पण 'कुलकर्णी' या शब्दात हेच करण दडलेले आहे. गावच्या दप्तराचा अधिकारी कुलकर्णी. राज्याच्या दप्तराचा अधिकारी श्रीकरणाधिप. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने संपुष्टात आले, हुद्दा गेला, आडनाव तेवढे उरले. पाटील आणि देशमुख यांचेही तेच झाले. ज्या गावातील निम्मी आडनावे जुन्या हुद्द्यांची आहेत, त्या गावाला श्रीकरणाधिप म्हणजे काय हे समजावून सांगण्यास फार वेळ लागू नये.

पण अधिकार एका जागी थांबत नाहीत. ग्रंथांच्या आरंभी महादेवरायाचा श्रीकरणाधिप म्हणून त्याचा निर्देश आहे. महादेवराय वारला, त्याचा मुलगा आमण गादीवर आला, आणि थोड्याच दिवसांत चुलतभाऊ रामचंद्राने राज्य घेतले. अशा उलथापालथीत जुन्या राजाचा अधिकारी बहुधा टिकत नाही. हा टिकला, एवढेच नव्हे, तर वाढला. शके ११९४, म्हणजे १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात रामचंद्राच्या राज्यात तो सर्व करणांचा अधिपती आहेच, शिवाय सर्व माहुतांचा, म्हणजे हत्तीदळाचा, अध्यक्षही आहे. झाडीमंडळ जिंकल्याचे श्रेयही त्यात त्याला दिले आहे. लेखणीचा अधिकारी हत्तींच्या दळावर! तेव्हा 'त्याचा हुद्दा काय' या प्रश्नाला 'कोणत्या साली' असा उलट प्रश्न करावा लागतो. महादेवरायाच्या काळाविषयी लिहिताना हत्तीदळाचा अध्यक्ष म्हणणे चूक; १२७२ नंतर नुसता लेखनाधिकारी म्हणणे अपुरे. श्रीकरणाधिप हे पद मात्र दोन्ही राजांच्या कारकिर्दीत समान आहे, म्हणून तेच निवडण्यास हरकत नाही.

हा प्रश्न केवळ अधिकाऱ्यांपुरता आहे असे नाही. त्याचा धनी रामचंद्रराय घ्या. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस राजाचे नाव श्रीरामचंद्र असे आले आहे. फारसी तवारिखा त्याला रामदेव म्हणतात. शाळेच्या पुस्तकातून तो रामदेवराव म्हणून घराघरात पोचला. यादवांच्या लेखांत राजांना 'प्रौढप्रताप चक्रवर्ती', 'यादवनारायण', 'द्वारावतीपुरवराधीश्वर' अशी भारदस्त बिरुदे लागत. त्याच रामचंद्राला मलिक काफूरने पकडून दिल्लीस नेल्यावर सुलतानाने 'रायरायान' असा किताब देऊन परत पाठविले. चक्रवर्ती आणि रायरायान, दोन्ही किताब एकाच माणसाचे. पहिला स्वतःच्या दरबाराने दिलेला, दुसरा जिंकणाऱ्याने दिलेला. रामचंद्राच्या लेखात यांपैकी कोणता लिहावा, यावर लिहिणारा कोणाच्या बाजूला उभा आहे हे कळते. हेमाद्रीच्या बाबतीत सुदैवाने असा पेच नाही. त्याची नावे त्याच्याच माणसांनी ठेवलेली आहेत, मग ती माणसे त्याच्यावर प्रेम करणारी असोत वा नसोत. वा नसोत असे म्हणण्याचे कारण, महानुभावांच्या वाङ्मयात त्याच्याविषयी कटू आठवणी आहेत. श्रीचक्रधरस्वामींच्या विरोधकांत ते त्याची गणना करतात. गौरवाची विशेषणे जोडताना ही बाजूही ध्यानात असावी. 'थोर', 'महान' यांची शिळेवर गरज नाही.

गंमत अशी की, पत्रे कशी लिहावीत, दप्तर कसे ठेवावे, हे सांगणारी जी 'मेस्तके' जुन्या दप्तरांत सापडतात, ती परंपरेने याच हेमाडपंताच्या नावावर सांगितली जातात. कोणाला कोणता मायना लिहावा याचे नियम ज्याच्या नावावर, त्याचाच मायना ठरविताना सातशे वर्षांनी गावात दोन तट पडावेत!

एक लहान गोष्ट क्रियापदाची. लोक 'शिवाजी महाराजांनी' म्हणतात, 'ज्ञानेश्वर माउलींनी' म्हणतात, पण 'हेमाडपंताने' असे एकेरीच म्हणतात. नावात पंत असूनही आदरार्थी बहुवचन नाही. यात अनादर नसून ओळखीची सलगी आहे. भीमाने डोंगर फोडला, अगस्तीने समुद्र प्याला, तसा हेमाडपंताने देऊळ बांधले. इतिहासलेखक मध्ययुगीन राजे आणि मंत्री यांच्यासाठी एकेरी वापरतात ते निराळ्या कारणाने, सर्वांना एकच माप लावावे म्हणून. ग्रंथात ते ठीक. मंदिराच्या शिळेवर मात्र 'यांनी', 'यांच्या' असेच असावे. तो स्थळाचा शिष्टाचार आहे.

आता मूळ वाक्यातील खरी अडचण. नाव कोणतेही घेतले, तरी 'बांधले' या क्रियापदाचे काय?

चुन्याचा वापर न करता, काळ्या फत्तराचे घडीव चिरे एकमेकांत बसवून, केवळ खाचा, कुसे आणि वजन यांच्या बळावर उभे केलेले देऊळ, ही हेमाडपंती बांधणीची लोकांना ठाऊक असलेली खूण. खांब खाली चौरस, वर अष्टकोनी, त्यावर गोल. शिरावर हात टेकून भार पेलणारे कीचक. छताला चौकोनावर तिरपा चौकोन ठेवीत ठेवीत आकुंचित केलेले थर. आपल्या मंदिराचा गाभारा आणि अंतराळ यांच्यात हा प्रकार स्पष्ट दिसतो. जीर्णोद्धाराच्या वेळी वरचा अलीकडचा चुना खरवडला, तेव्हा आतील चिरे सांध्यात नखही शिरणार नाही असे बसलेले आढळले, हे अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे.

परंतु ही बांधणी हेमाद्रीच्या आधीची आहे. अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. तेथील शिलाहार राजा माम्वाणीचा लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्री अधिकारावर येण्यापूर्वी दोनशे वर्षे. खिद्रापूरच्या कोपेश्वरालाही पुष्कळ लोक हेमाडपंती म्हणतात. तेथे सिंघणदेव यादवाचा शके ११३६ चा लेख असून त्यात देवाच्या पूजेसाठी गाव दिल्याची नोंद आहे. म्हणजे त्या साली देव तेथे पूजेत होता, आणि सिंघण हा महादेवरायाचा आजोबा. सिन्नरचा गोंदेश्वरही अभ्यासक हेमाद्रीच्या पूर्वीचाच मानतात. एका मनुष्याने जन्मापूर्वी देवळे बांधली असे म्हणता येत नाही. आणि त्याच्यानंतरची देवळेही याच पद्धतीची आढळतात.

मग सर्व देवळे त्याच्याच नावावर का गेली? विद्वानांच्या चर्चा बाजूला ठेवून गावच्या अनुभवाने पाहिले तर उत्तर फार दूर नाही. डोंगरात लेणे दिसले की ते पांडवांचे. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आजही पांडवलेणी म्हणतात. जुनी बारव दिसली की ती अहिल्याबाईंची. त्या पुण्यवतीने बांधलेल्या खऱ्या बारवा आणि देवळे पुष्कळ, म्हणून न बांधलेलीही त्यांच्या खाती जमा झाली. लोकांची स्मृती सर्व कर्त्यांची नावे सांभाळीत नाही. ती एक मोठे नाव धरते आणि बाकीचे सारे त्याच्या पदरात घालते. यादवांचे राज्य लयाला गेल्यावर असली दगडी देवळे उभारण्याचा ओघ या मुलखात आटला. त्या राज्याच्या अखेरच्या काळातील सर्वांत ठसठशीत नाव करणाधिपाचे; दानपत्रे त्याच्या कचेरीतून निघत, दानावरचा ग्रंथ त्याचाच. देवळांना दिलेल्या जमिनींच्या कागदांशी ज्याचे नाव जोडलेले, त्याच्याकडे देवळेही गेली असल्यास नवल नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटिअरे तयार झाली, तेव्हा गावकऱ्यांनी सांगितलेला 'हेमाडपंती' हा शब्द जसाच्या तसा छापला गेला, आणि बोलण्यातल्या शब्दाला कागदाचा आधार मिळाला. हेन्री कझेन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ साली निघाला; तोवर हा शब्द अभ्यासकांनाही टाळता येईनासा झाला होता.

तो टाळण्याचे कारणही नाही. 'पेशवाई थाट' म्हटले म्हणून प्रत्यक्ष पेशव्याने पंगत वाढली असा अर्थ कोणी घेत नाही. तसेच 'हेमाडपंती' हे विशेषण बांधणीचे नाव म्हणून निर्वेध वापरता येते. वास्तुशास्त्राचे जाणकार 'भूमिज' वगैरे अधिक काटेकोर संज्ञा वापरतात. पण त्या शिखराच्या घडणीवरून ठरतात, आणि आपल्या मंदिराचे मूळ शिखर तर राहिलेलेच नाही. तेव्हा गावच्या तोंडी असलेला शब्दच येथे अधिक उपयोगी. मात्र विशेषणाचा कर्ता करणे, म्हणजे 'हेमाडपंती मंदिर' याचे 'हेमाडपंताने बांधलेले मंदिर' करणे, ही उडी पुराव्यावाचून घेता येत नाही. आपल्या मंदिरात एकही अक्षर कोरलेले सापडलेले नाही. जोत्याचे चिरे काढले, तेव्हा पाथरवटांना प्रत्येक चिरा उलटून पाहण्यास मुद्दाम सांगितले होते.

वृद्ध मंडळींना हे पटविणे सोपे गेले नाही. त्यांचे म्हणणे हट्टाचे नव्हते. देवळाला कर्ता नाही म्हटले की देऊळ पोरके झाल्यासारखे वाटते, ही भावना समजण्यासारखी आहे. 'कर्ता अज्ञात' असे शब्द देवाच्या दारात नकोत, यावर तर सर्वांचेच एकमत झाले. शिवाय गावाने इतकी वर्षे हेमाडपंताचे नाव घेतले, हीदेखील एक घडलेली गोष्ट आहे, आणि घडलेली गोष्ट नोंदविण्यास इतिहासाची ना असण्याचे कारण नाही. फक्त ती परंपरा म्हणून नोंदवावी, बांधकामाचा दाखला म्हणून नव्हे. या तोडग्यावर दोन्ही बाजू आल्या.

रूपाचा निर्णय असा झाला. संस्कृत ग्रंथांविषयी लिहिताना 'हेमाद्री' हे नाव घ्यावे. अखेरची वेलांटी मराठीच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे दीर्घ, संकल्पात किंवा संस्कृत वाक्यात आल्यास ऱ्हस्व. मराठी शिळेवर, मराठी शिलालेखात त्याच्या हयातीत कोरलेले 'हेमाडिपंडित' हे रूप घ्यावे. लोकांच्या ओळखीसाठी 'हेमाडपंत' पुढे द्यावे. हुद्दा 'श्रीकरणाधिप', अन्य काही नाही.

हाच दंडक मग देणगीदारांच्या यादीलाही लागला, कारण तेथेही पेच होताच. काम चालू असताना निवडणूक होऊन सरपंच बदलले. काही दाते दिवंगत झाले. कोणी नोकरीत बढती मिळवून मोठ्या हुद्द्यावर गेले. पावती ज्या दिवशी फाडली त्या दिवशीचा हुद्दा नावापुढे घालावा, दिवंगतांना 'कै.' लावावे, आणि नंतर मिळालेली पदे घालू नयेत, असे ठरले. एक-दोघे नाराज झाले. पंढरपूरच्या यादीत राजापासून सामान्य भक्तापर्यंत सर्वांची दाने एकाच दगडावर आहेत, हे सांगितल्यावर ती नाराजी पुष्कळशी निवळली.

पाथरवटाने अक्षरे मोजून शिळेवर खडूने ओळी आखल्या आहेत. देणगीदारांच्या नावांच्या वर, तीन ओळींत, पुढील मजकूर यावयाचा आहे :

'काळ्या पाषाणातील हेमाडपंती बांधणीचे हे प्राचीन मंदिर
यादवांचे श्रीकरणाधिप हेमाडिपंडित (हेमाडपंत) यांच्या नावाशी
गावाच्या परंपरेने जोडलेले आहे. समस्त ग्रामस्थांनी जीर्णोद्धार केला.'